खांद्यावरचा पाग

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझा उजवा हात माझं ऐकत नव्हता.

हे वाचून कोणी चुकचुकायचं नाही. मी दयेसाठी लिहीत नाही. माझ्याच घरात, माझ्या हाताकडे बघून, माझ्या देखत जे ठरवलं गेलं ते मी कसं होऊ दिलं नाही, एवढंच सांगायचंय. मी चौथीपर्यंत शिकलेलो. ऱ्हस्व-दीर्घ नातीने तपासलेत. शब्द माझे आहेत आणि ते बदलायचे नाहीत असं तिला बजावलंय.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमचं जुनं गाव. आता चारी बाजूंनी बिल्डिंगा आल्या, आमचं घरसुद्धा तीन मजली झालं, पण मागच्या गल्लीतून खाली उतरलं की धक्का लागतो आणि धक्क्याला माझी होडी. खाडीचं पाणी कधी काळं, कधी फॅक्टरीवाल्यांनी काही सोडलं की भलत्याच रंगाचं. तरी भरतीबरोबर बोईट मासे येतात, कोळंबी येते. मी ती पागाने धरत आलो.

पाग म्हणजे एका माणसाने हाताने फेकायचं गोल जाळं. काठाला शिशाचे मणी ओवलेले. दोरीचा फास डाव्या मनगटात घालायचा, जाळं थोडं डाव्या हातात, थोडं उजव्या हातात घ्यायचं आणि काठाचं एक शिसं दातांत धरायचं. मग कमरेतून फिरायचं. आधी उजवा हात सोडतो, मग डावा, सगळ्यात शेवटी दात. नीट सुटलं तर जाळं हवेत उघडतं आणि ताटासारखं गोल पाण्यावर पडतं. दात लवकर सुटले तर केळीच्या पानासारखं लांबडं पडतं. उशिरा सुटले तर दात जातात. हे गंमत म्हणून सांगत नाही, पुढे येईल.

आमच्या घरची एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला की घरातल्या मोठ्या माणसाने होडीत उभं राहून वर्षाचा पहिला पाग टाकायचा. ज्या वर्षी त्याला जमणार नाही, त्या वर्षी पाग पुढच्याच्या हातात द्यायचा. एकदा दिला की परत मागायचा नाही. माझ्या बापाने मला दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत सारा पडलेला, दिसेनासं झालेलं. त्यानंतर तो होडीत चढला नाही. धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणत राहिला.

माझ्या पुढचा म्हणजे माझा मुलगा. ठाण्याला ऑफिसात आहे, चांगला आहे, मला कधी उलटून बोललेला नाही. पण पाग त्याने आयुष्यात फेकलेला नाही. मीच लहानपणी त्याला म्हटलेलं की शाळेत जा, चिखलात नको येऊस. तो गेला. म्हणजे त्याच्या हातात पाग गेला की पाग शोभेला भिंतीवर जाणार आणि होडी विकली जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

शिमग्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. ओटीवर बसून फाटलेलं जाळं विणत होतो. सुई बोटांतून निसटली. उचलली, परत निसटली. मला वाटलं हात झोपलाय, म्हणून दोन-चार वेळा लादीवर आपटला. बायको आवाज ऐकून बाहेर आली आणि माझं तोंड बघून तिथेच बसली. तोंड वाकडं झालेलं म्हणे. मला वाटत होतं मी तिच्याशी नीट बोलतोय.

ठाण्याला नेलं. अर्धांगाचा झटका, वेळेत नेलं म्हणून निभावलं असं डॉक्टर बोलले. पाय काही दिवसांत आला, बोलणं आलं, तोंडही जवळजवळ सरळ झालं. हात आला नाही. खांदा उचलायचा, कोपर अर्धं वळायचं, पण बोटं मेलेल्या चिंबोरीच्या नांग्यांसारखी आत वळून बसलेली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या पाच-सहा महिन्यांत जे परत येईल ते खरं, पुढे फार आशा ठेवू नका. बाजूला घेऊन सांगितलं तरी मला ऐकू आलं. झटक्याने माझे कान नेले नव्हते.

घरी एक व्यायामाच्या बाई यायला लागल्या. एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी जन्मात राजमा खाल्लेला नाही, पण टाकत बसायचो. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे. एक रबरी पट्टा दिलेला, तो कशाला तरी बांधून ओढायचा. खिडकीच्या गजाला बांधला तर गज हलायला लागला, मोरीच्या दाराला बांधला तर कडीच उपटून आली. बायकोने दोन्हीकडे बंदी घातली. महिनाभरात माझा हात धरायला शिकला. सोडायला नाही. राजमा उचलला की मुठीतच राहायचा, डाव्या हाताने एकेक बोट उघडावं लागायचं. बाई म्हणाल्या, काका, सोडणं नेहमी उशिरा येतं, धीर धरा. मी म्हटलं माझं सगळं काम सोडण्यातच आहे.

एप्रिलमध्ये नात कॉलेजातून एक हात घेऊन आली.

ही माझ्या मुलाची मुलगी. ठाण्याच्या कॉलेजात इंजिनियरिंगला होती, शेवटच्या वर्षाला. हात प्लास्टिकचा, काळा, सांध्यासांध्याला छोट्या मोटरी, फळीवर स्क्रूने बसवलेला. तिने तो शिलाई मशीनवर ठेवला, वायरी लावल्या आणि समोर लॅपटॉप उघडला.

"हा काय करतो?" मी विचारलं.

"काहीच येत नाही त्याला अजून. तुझ्यासारखाच आहे."

आत बायको हसली. मीही हसलो असतो, पण मला राग आलेला.

त्या हाताला चेंडू टोपात टाकायला शिकवायचं, हा तिचा प्रोजेक्ट. मी म्हटलं, मग सांग ना त्याला, हात एवढा उचल, इथे सोड. ती म्हणाली तसं सांगायचंच नाही, ते जुनं झालं. त्याला नुसतं फेकायला लावायचं आणि प्रत्येक वेळी चेंडू टोपापासून किती लांब पडला तेवढं कळवायचं. आत मेंदूची नक्कल केलेली असते, म्हणाली, एकमेकांना बांधलेल्या खूप गाठी. चुकलं की या गाठी कणभर सैल होतात, त्या कणभर घट्ट होतात. परत फेकायचं. परत सैल, परत घट्ट. कुठली गाठ किती घट्ट हवी हे कोणालाच माहीत नसतं, तिलासुद्धा नाही. शेवटी जे जमतं ते त्या सगळ्या गाठींत मिळून असतं, कुठल्या एकीत नसतं.

मला वाटलेलं ही पोरगी डोक्यावरून जाईल असं काही बोलणार. पण जाळं विणणाऱ्याला एवढं कळतं. एक गाठ ओढली की शेजारची चार हलतात.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना बापाने मला ओहोटीच्या चिखलात उभं केलं आणि हातात जुना पाग दिला. कसा फेकायचा ते सांगितलं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं. मी फेकायचो, जाळ्याचा बोळा पडायचा, तो म्हणायचा, "परत." एवढाच एक शब्द. पायाखालचा चिखल सरकायचा, वारा फिरायचा, मी तोंडावर पडायचो. "परत." एक दिवस जाळं उघडलं. काय वेगळं केलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

हे नातीला सांगितलं तर म्हणाली, "बरोबर. तुझ्या गाठी तेव्हा बसल्या."

"मग आता कुठे गेल्या?"

तिने सांगितलं की झटक्याने मेंदूचा जो तुकडा गेला तो गेलाच, तो परत येत नाही. पण त्याच्या आजूबाजूचे तुकडे ते काम शिकू शकतात. मात्र त्यांना काम द्यावं लागतं. नाहीतर ते दुसऱ्या कामाला लागतात.

मी त्याच संध्याकाळी माळ्यावरून पाग काढला.

गच्चीवर सुरुवात केली. पहिले कित्येक दिवस जाळं माझ्या पायांवरच पडायचं, कारण बोटं वेळेवर उघडायची नाहीत. खाली तिचा प्लास्टिकचा हात लॅपटॉपच्या पडद्यावर तेच करत होता. पडद्यात तिने तसाच एक खोटा हात, खोटं टेबल, खोटा टोप बनवलेला आणि तो खोटा हात रात्रंदिवस फेकत असायचा. चेंडू उशिरा सोडायचा आणि स्वतःच्याच पायाशी आपटायचा. मी म्हणायचो, याला जेवण नाही, झोप नाही, बायको नाही, हा शिकेल नाहीतर काय करेल. ती म्हणायची, अरे आजोबा, तू जेवढ्या वेळा फेकून शिकतोस त्याच्या कितीतरी पट याला फेकावं लागतं, आणि तुझा मेंदू झोपेत पण सराव करतो. बायकोने दुजोरा दिला. म्हातारा झोपेत हात झाडतो, म्हणाली, परवा मला लागला.

एक फरक मात्र मी नातीला सांगितला आणि तो तिला मान्य करावा लागला. तिच्या हाताला लाज नव्हती. त्याचं चुकलं की फक्त चुकायचं. माझं चुकलं की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया हातातलं काम थांबवायच्या. एकदा पाग त्यांच्या टीव्हीच्या छत्रीत अडकला. तो सोडवायला मलाच जावं लागलं आणि चहाही प्यावा लागला.

मे महिन्यात एका रविवारी मुलगा ड्रिल घेऊन आला आणि हॉलच्या भिंतीत एक पितळेचा हूक बसवला. चांगला जाड, भिंतीत खोल. मी विचारलं कशाला. तो म्हणाला पाग इथे लावू, शिशामुळे वजन आहे ना, म्हणून मजबूत घेतला. खाली एक छोटा दिवा लावू. आल्यागेल्याला दिसेल. तुझी आठवण राहील.

"मी इथेच बसलोय," मी म्हटलं.

"तसं नाही रे बाबा."

मग त्याने जे मनात होतं ते सांगितलं, आणि नीट सांगितलं. खोटं बोलला नाही. होडीला गिऱ्हाईक आहे. नारळी पौर्णिमेला मी सगळ्यांसमोर पाग त्याच्या हातात द्यायचा, पुढचं तो बघेल. मला होडीतून पडून बुडायला द्यायला तो तयार नव्हता. त्याला म्हटलं पौर्णिमेला बघू. तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, त्यात बघायचं काय राहिलंय.

त्या वाक्याने माझा जेवढा व्यायाम झाला तेवढा राजम्याने झाला नाही.

मे संपता संपता गच्चीवर पाग उघडायला लागला. आधी अर्धा, मग जवळजवळ गोल. मी हाताकडे बघितलं की बिघडायचा. लांबच्या टाकीकडे बघून फेकला की नीट पडायचा. त्याच आठवड्यात पडद्यावरचा हातही दर वेळी चेंडू टोपात टाकायला लागला. नात खूश, मी खूश. तिने ते शिकलेलं सगळं खऱ्या प्लास्टिकच्या हातात भरलं, स्वयंपाकघरातला टोप समोर ठेवला आणि बटण दाबलं. हात झोकात फिरला आणि चेंडू थेट देव्हाऱ्यात गेला.

बायको म्हणाली, "देवाला लागला."

मी एवढा हसलो की मला ठसका लागला. नात तोंड पाडून बसली. पडद्यातलं टेबल हलत नाही, म्हणाली, आणि शिलाई मशीन हलतं. पडद्यातल्या मोटरी सगळ्या सारख्या, खरी मनगटातली मोटर कमजोर. जिथे शिकला तिथलंच त्याला येतं. मी म्हटलं, तुझा हात पुस्तकी निघाला. आता उद्या माझा बघ.

दुसऱ्या दिवशी भरतीला तिला घेऊन धक्क्यावर गेलो. होडी बांधलेलीच होती, नुसता तिच्यात उभा राहिलो. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बाया, दोन-चार माणसं. मी मुद्दामच त्यांच्याकडे बघितलं. फास मनगटात, शिसं दातांत, कमरेतून फिरलो.

होडी माझ्या पायाखालून दुसरीकडे फिरली. हाताने सोडलं, पण ते गच्चीवरचं सोडणं होतं. तोंडाची उजवी बाजू अजून जरा बधिरच, त्यामुळे दातांनी कधी सोडायचं ते त्यांना कळलंच नाही. जाळं बोळा होऊन पाण्यात पडलं आणि त्याच्याबरोबर माझी वरची कवळी गेली. मी होडीत गुडघ्यांवर.

जाळं ओढलं तर चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या. कवळी नाही.

धक्क्यावरून एकजण ओरडला, "काका, खाडीला दात आले आता, सांभाळून पोहायला पाहिजे."

सगळे हसले. नातही हसली, तिला थांबवता आलं नाही. मी तिला म्हटलं, हस. काल मी हसलो ना. पण बोळक्या तोंडाने कोणाला काही बोललं की त्यात जोर राहत नाही.

दोन दिवस गच्चीवर गेलो नाही. त्या दोन दिवसांत ती पडद्यावर काहीतरी भलतंच करत बसलेली. खोटं टेबल कधी इकडे कलायचं, कधी तिकडे. चेंडू कधी जड, कधी हलका. मोटर कधी दमलेली. जो हात दर वेळी टोपात टाकायचा तो आता कुठेही टाकत होता.

"बिघडवलंस त्याला," मी म्हटलं.

"बिघडवत नाहीये. होडीत बसवतेय."

आठवडाभराने तो परत टोपात टाकायला लागला, पण त्याची रीत बदललेली. मनगट कमजोर आहे हे धरून चालल्यासारखा तो आता मनगटाने फेकतच नव्हता. म्हैस शेपूट मारते तसा खांद्यातून अख्खा हात झाडायचा. बघवत नव्हतं. खऱ्या हातात भरलं तर तो शिलाई मशीनवर तसाच गचके देत, हलत, चेंडू टाकत राहिला आणि चेंडू टोपात पडत राहिला. देव्हारा सुरक्षित.

मी म्हटलं, ही काय फेकायची रीत झाली? असं कोणी फेकतं का?

"पडला ना टोपात?" ती म्हणाली.

मला ते लागलं. कारण दातांशिवायही पाग फेकता येतो, हे मला ठाऊक होतं. दातांत धरायची कड डाव्या खांद्यावर टाकायची. पण आमच्यात ती लहान पोरांची रीत. दुधाचे दात पडलेले असतात तोवर पोरं खांद्यावरून फेकतात. पुढे मोठा माणूस तसा फेकताना दिसला की त्याला विचारतात, काय रे, दात यायचेत का? चाळीस-पन्नास वर्षं मी स्वतः हे विचारत आलेलो. नवी कवळी करून घेईन पण खांद्यावर पाग टाकणार नाही, असं मी आदल्याच दिवशी बायकोला सांगितलेलं.

नवी कवळी केली. ती जेवायला वापरतो. पाग खांद्यावर घेतला.

आता सगळंच नवं होतं. खांद्यावर वजन आलं की कंबर वेगळी फिरते, सोडायची वेळ वेगळी येते. दातांवाला पाग अंगात इतका मुरलेला की कड खांद्यावर असतानाही जबडा आपोआप मिटायचा. जुन्या गाठी सोडवणं हे नव्या मारण्यापेक्षा कठीण, हे विणणारा कोणीही सांगेल.

आणि गच्ची हलत नव्हती, तिचं काय करायचं? पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, हवा भरली, वर फळी ठेवली आणि फळीवर मी. ते बघून बायको खाली गेली. मला वाटलं मुलाला फोन करायला गेली. ती जुनं लुगडं घेऊन वर आली, माझ्या कमरेला गुंडाळलं आणि दुसरं टोक हातात धरून पाठीमागे उभी राहिली, बकरी धरतात तशी. नातीला म्हणाली, "सांग तुझ्या आजाला, पडायचंय तर माझ्या अंगावर पड म्हणावं, खाली लादी आहे."

तशी ती रोज उभी राहिली. पाऊस लागला तर पत्र्याखाली. पाग बादलीत भिजवून घ्यायचो, कारण ओला पाग जड आणि तो वेगळा उघडतो. कधी वाऱ्याच्या तोंडाला, कधी पाठीला. आधी गच्चीवर जमलेलं तेवढंही फार दिवस जमेना. व्यायामाच्या बाईंनी एकदा वर येऊन बघितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फळीला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, ट्यूबमध्ये हवा रोज थोडी कमी-जास्त करत जा. त्या दिवसापासून मी राजम्याबद्दल तक्रार केली नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पौर्णिमा महिनाभर पुढे गेली. लोक कंटाळले, होड्या रंगवून बसून राहिले. मला मात्र तो महिना वर फुकट मिळाला. बायको म्हणायची, अधिकात लोक जावयाचे लाड करतात, आमच्याकडे यंदा हाताचे चाललेत. डॉक्टरांचे पाच-सहा महिने त्या अधिकातच सरत आले. हाताला ते कोणी कळवलेलं नव्हतं. बोटं त्याच महिन्यात उघडायला लागली. पूर्ण नाही. करंगळी अजूनही मागे राहते. पण सोड म्हटलं की सोडायची.

नारळी पौर्णिमेला दुपारी भरती चढत असताना आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. होडीला रंग दिलेला, पताका लावलेल्या. मुलगा नव्या कुडत्यात. नारळ त्यानेच पाण्यात सोडला, तो मान मी त्याला आपणहून दिला. मग तो वळला आणि दोन्ही हात पुढे केले. माझ्या डाव्या हातावर पाग होता. त्याला गच्चीवरचं माहीत होतं, पण त्याने बघितलेला तो लुगड्याला बांधलेला म्हातारा. त्यावरून त्याने आपलं ठरवलेलं.

मी त्याच्या बाजूने होडीत उतरलो. तो माझ्यामागे उतरला. मी उभा राहिल्यावर त्याने मागून माझी कंबर धरली. आईसारखीच, घट्ट. मला त्याची भीती हातातून कळत होती.

"सोड," मी म्हटलं.

"बाबा, हलतेय होडी."

"मला माहीत आहे हलतेय. सोड."

त्याने सोडलं.

मी कड खांद्यावर टाकली. धक्क्यावर कोणीतरी खुसखुसलं, ते मी ऐकलं. कवळी बायकोच्या पिशवीत होती. समोरच्या काठावरच्या तिवरांच्या झाडीकडे बघितलं, हाताकडे बघितलं नाही. होडी डावीकडे गेली तशी कंबरही तिच्याबरोबर गेली, मी नेली नाही. हात सुटला.

ताटासारखा गोल पडला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही पडला. एका बाजूने चावा घेतलेल्या भाकरीसारखा पडला. पण उघडला, पसरला, सगळी शिशं एकदम पाण्यात गेली आणि तो आवाज झाला. तो आवाज मी शिमग्याच्या आधीपासून ऐकलेला नव्हता.

मी तसाच उभा राहिलो. दोरी आवळली, खेचायला लागलो, आणि मुलगा पुढे येऊन दोरीला हात लावून म्हणाला, "खांद्यावरनं टाकलास."

"पडला ना पाण्यात?"

त्याच्यामागे धक्क्यावर नात होती. तिने मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

जाळ्यात दोन बोईट आणि एक चप्पल निघाली. बोईट घरी आणले. गिऱ्हाईक धक्क्यावर आलेलंच होतं. मुलगा त्याच्याकडे गेला आणि जरा वेळ बोलून परत आला. यंदा राहू दे असं सांगितलंय, म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी पण मीच टाकणार," मी म्हटलं. "आणि त्याच्या पुढच्या वर्षी करंगळी पण उघडेल."

मी त्याच्या उत्तरासाठी थांबलो नाही, पाग खांद्यावर टाकून चालायला लागलो. घरी आल्यावर त्याने हॉलमधल्या हुकाकडे बघितलं आणि म्हणाला उद्या काढून टाकतो, भोक बुजवून घेतो. मी म्हटलं हात लावू नकोस. चांगला मजबूत बसवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या हुकाला व्यायामाचा रबरी पट्टा अडकवला आणि ओढायला सुरुवात केली.